सूचक कोण, हे आधी बघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एका मोठ्या उद्योगसमूहाच्या अध्यक्षांनी त्यांच्या क्लबात तुझं नाव सुचवायची तयारी दाखवली आहे, एक माजी मंत्री अनुमोदन द्यायला तयार आहेत आणि तुझं मन मात्र अडखळतंय. मला विचारशील तर ते अडखळतंय हेच बरं आहे.

प्रवेश फी आणि वार्षिक वर्गणीबद्दल तू पानभर लिहिलं आहेस. तो प्रश्न त्या मानाने सोपा आहे. परवडत असेल तर स्वतःच्या खिशातून भर, तू नोकरी करतोस त्या बँकेला भरू देऊ नकोस. अमेरिकेत १९९४ पासून अशा क्लबांची वर्गणी धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा करता येत नाही, आणि मला ते योग्य वाटतं.

तू ज्याबद्दल एक ओळही लिहिली नाहीस, ती गोष्ट म्हणजे सूचक, तुझं नाव सुचवणारा माणूस. अशा क्लबांत कुणी आपणहून अर्ज टाकत नाही. आतला माणूस तुझं नाव उमेदवारांच्या वहीत चढवतो, दुसरा अनुमोदन देतो, ओळखीचे सभासद खाली सह्या करतात, मग समिती विचार करते. जुन्या काळी गुप्त मतदान पांढऱ्या-काळ्या गोळ्यांनी होई आणि मोजक्या काळ्या गोळ्याही नाव बाद करायला पुरत. लंडनच्या जुन्या क्लबांत उमेदवार नाकारला गेला, तर त्याच्या सूचकाने स्वतः राजीनामा द्यावा असा संकेत होता. म्हणजे तुला आत नेणारा माणूस स्वतःची पत पणाला लावतो. हे उपकार कुणी उघडपणे परत मागत नाही. एखाद्या दिवशी फोन येतो, ‘तेवढं प्रकरण नजरेखालून घाल’ इतकंच म्हटलं जातं, आणि परक्या माणसाला जो नकार तू एका वाक्यात दिला असतास, तो तुझ्या घशात अडकतो. तू बँकेच्या कर्जमंजुरी समितीवर आहेस. त्या उद्योगसमूहाचं प्रकरण आज तुमच्यापुढे नसेलही, पण उद्या येणार नाही असं तुला म्हणता येईल का?

‘तिथे धंद्याचं कुणी बोलतच नाही, तसा नियमच आहे,’ असं अध्यक्षांनी तुला सांगितलं. ते खरं सांगताहेत, यावर माझा विश्वास आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा बोहेमियन क्लब १८७२ मध्ये पत्रकारांनी सुरू केला, पुढे तिथे उद्योगपती आणि राजकारणी आले. जाळं विणणाऱ्या कोळ्यांनी इकडे फिरकू नये, अशा अर्थाचं त्यांचं ब्रीदवाक्य आहे; म्हणजे कामधंदा बाहेर ठेवून या. दर जुलैमध्ये त्यांचं शिबिर शहराच्या उत्तरेला, रेडवूडच्या उंच झाडांमधल्या त्यांच्या स्वतःच्या जागेत भरतं. पण अणुबॉम्ब प्रकल्पाच्या एस-१ समितीची सप्टेंबर १९४२ मधली एक बैठक त्याच झाडांखाली झाली, कारण अर्नेस्ट लॉरेन्स या शास्त्रज्ञाचं त्या क्लबात सभासदत्व होतं. रिचर्ड निक्सन यांनी १९६७ च्या शिबिरात तिथल्या तळ्याकाठी भाषण केलं आणि पुढच्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. त्या भाषणाने निवडणूक जिंकून दिली असं मी म्हणत नाही. मला एवढंच दिसतं की तिथे सौदे होत नाहीत, ओळख होते. ती पक्की झाली की सौद्याला ऑफिसातला एक फोन पुरतो, आणि तो फोन कुठल्याच नियमात बसत नाही.

न्यूयॉर्क शहराने हे ओळखलं होतं. १९८४ च्या तिथल्या कायद्याने ठरवलं की चारशेहून जास्त सभासद असतील, नियमित जेवणाची सोय असेल आणि धंद्याच्या निमित्ताने बिगरसभासदांकडून नियमित पैसे येत असतील, तर तो क्लब निव्वळ खासगी मानायचा नाही. त्याला भेदभावबंदी लागू होईल. क्लबांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं, पण १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा कायम ठेवला. दार कुणाला बंद आहे, हा प्रश्न म्हणूनच पोटापाण्याचाही आहे. मी नोकरीत असताना सोमवारच्या बैठकीला पोचायचे तेव्हा विषय शनिवारीच संपलेला असायचा, आणि जिथे तो संपला त्या जेवणघरात बायकांना प्रवेश नव्हता. तुझ्याच पदावर काम करणारी तुझी सहकारी या क्लबाची सभासद होऊ शकते का, हे तू विचारलं आहेस का? विचार. सरळ उत्तर येतं की हसून विषय बदलला जातो, तेही बघ.

‘आत जाऊन बदल घडवता येईल,’ असंही तू लिहिलंस. तोवर फक्त पुरुषांनाच सभासद करणाऱ्या लंडनच्या गॅरिक क्लबाच्या सभासदांची नावं मार्च २०२४ मध्ये वर्तमानपत्रात आली, तेव्हा ब्रिटनचे कॅबिनेट सचिव सायमन केस यांनी खासदारांपुढे जवळपास हेच कारण दिलं. लगेच त्यांना क्लबाच्या सभासदत्वाचा राजीनामा द्यावा लागला. गुप्तहेर खात्याचे प्रमुखही बाहेर पडले. मे महिन्यात सुमारे ६० टक्के मतांनी बायकांना सभासदत्व खुलं झालं. आतून झगडणारे सभासद होते म्हणून तो ठराव इथवर आला, हे मी मान्य करते. पण क्लब १८३१ चा आहे, आणि नावं छापून येईपर्यंत त्यातल्या कितीतरी मोठ्या माणसांना घाई नव्हती. रॉबर्ट केनेडी यांनी १९६१ मध्ये, अमेरिकेचे महान्यायवादी असताना, वर्णभेद पाळणारा वॉशिंग्टनचा मेट्रोपॉलिटन क्लब सोडला. पदावर बसलेल्या माणसाकडून मला ही अपेक्षा आहे.

बँकेच्या त्या कर्जमंजुरी समितीवर आहेस तोवर हे सभासदत्व घेऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. पाहुणा म्हणून वरचेवर जाणंही टाळ. बहुतेक क्लबांत पाहुण्याला बिल देताच येत नाही, त्यामुळे परतफेडीची वाटच नसते आणि पाहुणचार साचत जातो. समिती सुटल्यावर एखाद्या क्लबाचं ग्रंथालय किंवा तिथलं संगीत तुला खरोखर ओढत असेल, तर आनंदाने जा. चांगली संगत मिळणं ही काही लहान गोष्ट नाही, आणि ती तुला मिळावी असं मला मनापासून वाटतं.

नकार द्यायचा तर नाव वहीत चढण्याआधी दे. एकदा सह्या सुरू झाल्या की माघार घेणं त्यांना अपमानाचं वाटेल, आणि ते बरोबरही असेल. प्रत्यक्ष भेट, आभार मान आणि समितीचं कारण आहे तसं सांग; वेळ नाही, घरची अडचण आहे, असं काही रचू नकोस. ‘पुढच्या वर्षी बघू’ तर मुळीच म्हणू नकोस. मग त्याच आशयाचं दोन ओळींचं पत्र त्यांना पाठव आणि त्याची प्रत बँकेत तुझ्या वरिष्ठांकडे दे.

सस्नेह आशीर्वाद.