सासूबाईंची नागीण आणि पोत्यातले उंदीर

प्रश्न : सर, आमच्या सासूबाईला डाव्या कुशीला नागीण उठली. डॉक्टर म्हणले हर्पीसचा व्हायरस आहे. भाचा लातूरला मायक्रोबायोलॉजी शिकतो, तो म्हणतो उंदरालाबी हर्पीस असतो. आमच्या घरात हरभऱ्याची पोती लावलेली, उंदीर लई झालेत. त्याच्यापासूनच आलं का हे? लेकरं तिथंच खेळतात.
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : ताई, भाचा खोटं नाही बोलला, पण त्यानं अर्धंच सांगितलं. सासूबाईंची नागीण त्यांच्याच अंगातून निघालीय. कधीकाळी कांजिण्या येऊन गेल्या असतील, तो व्हायरस मणक्याजवळच्या नसांच्या गाठीत वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि वय झालं, ताकद कमी झाली की एखाद्या नसेवाटे वर येतो, म्हणून तर पट्टा एकाच बाजूला उठतो. (तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो हे साफ खोटं, शेजारणी काही का म्हणेनात.) काळजी घ्यायची तर त्या फोडांच्या पाण्याची घ्या, ज्या लेकराला कांजिण्या झाल्या नाहीत न लसही नाही, त्याला त्यातून कांजिण्या होऊ शकतात.

आता उंदीर. हर्पीस हे मोठं खानदान आहे आणि जवळपास प्रत्येक प्राण्याचा आपला आपला वेगळा. बांधणी मात्र सगळ्यांची सारखीच, आत दुहेरी डीएनए, त्याच्यावर वीस बाजूंचं प्रोटीनचं कवच, त्यावर प्रोटीनचाच एक थर आणि सगळ्यात बाहेर चरबीचं आवरण. कवचाला बारा कोपरे, त्यातले अकरा सारखे आणि बारावा म्हणजे वाड्याची वेस, डीएनए आत भरला जातो तिथूनच आणि पेशीत सोडला जातो तोही तिथूनच. मला तर हे वाचताना दरवेळी नवल वाटतं, एवढ्याशा जिवात, जो धड जीव पण नाही, एवढी शिस्त!

उंदरातला सगळ्यात जास्त अभ्यासलेला हर्पीस म्हणजे सायटोमेगॅलो नावाचा व्हायरस. 1954 साली अमेरिकेत मार्गारेट स्मिथ यांनी तो उंदराच्या लाळग्रंथीतून वेगळा काढून वाढवला. लाळेतूनच पसरतो, एकदा शिरला की जन्मभर राहतो. त्याच्या डीएनएत साधारण 2 लाख 30 हजार अक्षरं आहेत. माणसाचा सायटोमेगॅलो वेगळा, तो पोटातल्या बाळाला लागला तर बहिरेपण येऊ शकतं, पण तो उंदरात वाढतच नाही, म्हणून शास्त्रज्ञ उंदराच्या व्हायरसवर उंदरातच प्रयोग करतात. त्यातही अडचण अशी की उंदराचा हा व्हायरस सहसा वार (प्लॅसेंटा) ओलांडून पोटातल्या पिल्लापर्यंत जात नाही, गिनीपिगचा जातो, मग गरोदरपणाचे प्रयोग गिनीपिगवर. दुसरा एक त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियात रानउंदरात सापडला, एमएचव्ही-68 म्हणतात, माणसातल्या एपस्टाइन-बार व्हायरसचा (तोही हर्पीसच) हा जवळचा नातेवाईक.

एक गंमत सांगतो. ऑस्ट्रेलियात उंदरांच्या धाडी पडतात, तर तिथल्या लोकांनी याच सायटोमेगॅलोत असा जीन घातला की उंदरीचं शरीर स्वतःच्याच बीजांडांवर उठावं आणि ती वांझ व्हावी. लॅबमधे जमलं, पण तो बदललेला व्हायरस एका उंदरातून दुसऱ्यात नीट पसरेना, प्रकरण तिथंच थांबलं. जमलं असतं तर आपल्या ऊसवाल्यांनी पहिली ऑर्डर दिली असती.

हे उंदराचे हर्पीस माणसाला आजारी पाडतात असं दिसलेलं नाही. पण म्हणून उंदीर निरुपद्रवी असं समजू नका. 1994 ला बीड जिल्ह्यातल्या मामल्याला प्लेग निघाला तो जुन्या लोकांना आठवतच असेल, तो व्हायरस नव्हता, बॅक्टेरिया होता, उंदरावरच्या पिसवांतून येणारा. आणि आज खरी भीती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची, त्याचा बॅक्टेरिया उंदराच्या मुतातून पाण्यात, चिखलात येतो न पायाच्या जखमेतून शिरतो.

तेव्हा पोती फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी ब्लीचिंगचं पाणी मारा, मग ओल्या फडक्यानं उचला, हातात मोजे घालून. आणि लेकरांचं खेळायचं ठिकाण तेवढं बदला.