कोरी स्लाइड म्हणजे शाबूत जनुक नव्हे

अन्ननलिकेच्या कॅन्सरची पी५३ स्लाइड (टीपी५३ जनुकापासून बनणारं पी५३ प्रथिन रंगवून दाखवणारी गाठीच्या कापाची काच) बघताना ‘रंग नाही, म्हणजे जनुक शाबूत’ असं लिहून मोकळा होऊ नकोस. सुरुवातीला मीही तेच करायचो. मिसेन्स म्युटेशनमध्ये (प्रथिनातला एक घटक बदलणाऱ्या बिघाडात) प्रथिन साचतं, केंद्रकं गडद तपकिरी दिसतात. पण जनुकच तुटलं तर प्रथिन बनत नाही, गाठ कोरी राहते. दोन्ही बिघाडच. कोरी दिसली की शेजारच्या लिम्फोसाइटमध्ये, म्हणजे निरोगी पांढऱ्या पेशींत, फिकट रंग आहे का बघ. तिथेही नसेल तर रंगवण्यातच गडबड. आणि पी५३वरून सर्व्हायव्हलचे (रुग्ण किती काळ जगतात याचे) आलेख काढायची घाई नको. टीपी५३ बहुतेक गाठींत बिघडलेलंच असतं, मग रुग्णारुग्णांतला फरक ते कितीसा सांगणार? आधी स्टेज आणि लसिकाग्रंथी हिशेबात धर. सीडीकेएन२ए हे पेशींची वाढ रोखणारं दुसरं जनुक मिथायलेशननेही, म्हणजे डीएनएवर रासायनिक खूण बसूनही, गप्प होतं. साध्या सिक्वेन्सिंगमध्ये (डीएनएची अक्षरं वाचण्यात) हे गप्प होणं सापडायचं नाही.