रफार कुठे बसला

कोल्हापूर

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सहा महिने राबून पुस्तकाची चित्रं केलीस आणि ऐन वेळी प्रकाशकाचा ‘आता यंत्राकडूनच काढून घेतो’ असा निरोप आला. राग येणारच. चार दिवस रड, भांड, काय करायचं ते कर. झालेल्या कामाचे पैसे मात्र लेखी माग, त्यात भीड नको. आणि रंगाची पेटी माळ्यावर टाकू नकोस. मी टाकली होती.

मी हाताने बोर्ड रंगवायचो. छापील फ्लेक्स आला तेव्हा माझ्या हाताखाली तीन पोरं होती. खडूची दोरी ताणून टिचकी मारायची, रेघ उमटली की तिच्यावर शिरोरेषा धरायची, काठीवर मनगट टेकवून एका दमात ‘क’चं पोट ओढायचं. एका बोर्डाला दोन दिवस जायचे. फ्लेक्स तासाभरात हातात मिळायचा. कामं आटली, पोरांना मीच दुसरीकडे बघायला सांगितलं आणि दीड वर्ष फ्लेक्सच्या नावाने बोटं मोडत बसलो. गेलेल्या कामांचं मला आता काही वाटत नाही. त्या दीड वर्षाचं वाटतं.

एकदा चौकात नवा बोर्ड दिसला. ‘सूर्योदय’चं ‘सूयोर्दय’ झालं होतं, रफार एक घर पुढे सरकलेला. राहवेना. छापणाऱ्याच्या दुकानात जाऊन सांगितलं, तर तिथला पोरगा म्हणाला, “काका, मला कळत नाही ओ त्यातलं. तुम्हीच बसवून द्या की.” स्टूल ओढून बसलो. माऊस धरताना हात थरथरत होता, पण रफार चुकलाय हे दिसायला ब्रश लागला नव्हता. त्या स्टुलावर मी पुढे सहा वर्षं काढली.

आपल्याच गावातली एक गोष्ट सांगतो. आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. सिनेमा बघितला आणि आपणही काढायचा, म्हणून कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. 1916 साली आनंदराव गेले. कॅमेरा अर्धवट. तो बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून पुरा केला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. हे विष्णुपंत दामले म्हणजे पुढे ‘प्रभात’ फिल्म कंपनी काढणाऱ्यांपैकी एक. 1929 साली कंपनी उभी केली ती मूकपटांसाठी, आणि दोनच वर्षांत बोलपट आला! दामल्यांनी ध्वनिमुद्रणाचं खातंच आपल्याकडे घेतलं. पडद्यांच्या रंगात वाढलेला माणूस चाळिशीच्या उंबऱ्यावर आवाज टिपायला शिकला. 1936 च्या ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक तेच, फत्तेलालांबरोबर. त्यातले तुकाराम, विष्णुपंत पागनीस, एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे. मला ही माणसं फार जवळची वाटतात. मोठी झाली म्हणून नव्हे. हातातलं काम बदललं तेव्हा ती नवख्यासारखी पहिल्यापासून शिकायला बसली म्हणून.

आता तुझ्याबद्दल. पुस्तकासाठी केलेली चित्रं तू मला दाखवली होतीस. नीटनेटकी होती, पण खरं सांगू? प्रकाशकाला काय आवडेल याचा धाक प्रत्येक रेघेत होता. आणि या पत्राच्या पाकिटामागे तू एसटी स्टँडवरची एक म्हातारी काढलीयेस. भाकरीचा तुकडा मोडताना तिचा अंगठा वाकलाय, पदराचं टोक दातात धरलंय. ही तुला कुणी काढायला सांगितली नव्हती. ती मी कात्रीने कापून आरशाच्या कडेला खोचली आहे.

अशा आणखी किती आहेत वहीत? रोज एसटीने जातेस-येतेस, म्हणजे असतीलच. लाजू नकोस, खोडू नकोस, मला बरी वाटतील अशा निवडूनही आणू नकोस. वही आहे तशी घेऊन रविवारी सकाळी ये. काकू आंबोळ्या करणार आहे. जेवण झालं की वही पहिल्या पानापासून बघू.

तुझा,
मास्तरकाका