‘आपण योगासने करत होता का?’ एवढ्याने भागणार नाही

महामारीच्या काळात महाविद्यालयीन शिक्षकांनी स्वतःची काळजी कशी घेतली, या विषयावरील प्रबंधासाठी केलेली प्रश्नावली आपण येथे दिली आहे आणि तीत काही सुटले आहे का, असे विचारले आहे. आहार, झोप, व्यायाम, योग-ध्यान आणि छंद असे आपले पाच विभाग आहेत. मी त्या काळात तालुक्याच्या गावी एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत होतो. ही प्रश्नावली तेव्हा हाती आली असती, तर प्राणायाम आणि चालणे यांपुढे मी प्रामाणिकपणे ‘होय’ लिहिले असते, आणि तरीही त्या दीड वर्षात माझे काय झाले याचा आपल्याला पत्ता लागला नसता.

माझी पहिली तक्रार आवाजाची होती. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात वीस वर्षे माइकशिवाय शिकवलेल्या माणसाचा घसा जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपपुढे का बसावा, हे मला बरेच दिवस उमगले नाही. समोर नुसत्या नावांच्या काळ्या चौकटी असत. कोणाचा हुंकार नाही, मान हलणे नाही, त्यामुळे मुलांना ऐकू जात नसावे असे वाटून मी नकळत आवाज चढवत जाई आणि तास संपेतो जवळजवळ ओरडत असे. साध्या इअरफोनने, आणि दर दहा मिनिटांनी बोलणे थांबवून मुलांना दोन ओळी लिहायला लावल्याने, घसा सावरला. मान दुखायची ती लॅपटॉपखाली दोन उभे डबे ठेवल्यावर थांबली. असल्या क्षुल्लक उपायांना आपल्या प्रश्नावलीत जागा नाही, ती असावी.

खरा शीण मात्र फोनचा होता. अंतिम वर्षाच्या परीक्षांचा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑगस्ट २०२० च्या निकालापर्यंत लोंबकळत राहिला आणि तोवर रात्री अकरालाही ‘सर, परीक्षा होणार का?’ हा प्रश्न येई, ज्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. पुढे एप्रिल २०२१ मध्ये आमच्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप समूहावर एका सहकाऱ्याच्या निधनाची बातमी आली. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली आणि त्या रांगेच्या मधोमध ‘तातडीचे : ऑनलाइन तासिकांची माहिती आज सायंकाळी पाचपर्यंत भरावी’ असा संदेश आला. मी श्रद्धांजली लिहिली आणि लगेच माहिती भरायला बसलो. त्या संदेशापेक्षा माझ्या त्या तत्परतेची मला आजही अधिक लाज वाटते.

त्यानंतर आम्ही चौघांनी एक ठरवले. रात्री आठनंतर पाळीपाळीने एकानेच समूह पाहायचा, बाकीच्या तिघांनी फोन बाजूला ठेवायचा आणि खरोखरच तातडीचे काही असेल तरच पाळीवाल्याने इतरांना फोन करायचा. पहिल्या महिन्यात असा फोन दोनदाच आला. चौघांपैकी कोणी तापाने पडला, तर त्याने विनंती करण्याची वाट न पाहता उरलेल्यांनी त्याचे तास वाटून घ्यायचे, हेही त्यात होते. माझ्या मते त्या काळात मी स्वतःची घेतलेली सर्वांत मोठी काळजी हीच, आणि ती एकट्याने घेता येण्याजोगी नव्हती. म्हणून ‘आपण आजारी असताना आपले तास कोणी घेतले?’ हा प्रश्न अवश्य घालावा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस पार थकून जाण्याची, नोंद आजार म्हणून न करता कामाच्या ठिकाणाशी निगडित बाब म्हणून केली होती, तेव्हा त्यावरच्या उपायांची चौकशी शिक्षकाच्या सकाळच्या दिनक्रमापुरती ठेवणे मला अपुरे वाटते.

शिकवताना आपण घरात कुठे बसत होता, हेही विचारा. आमच्या एक सहकारी मॅडम स्वयंपाकघरातून तास घेत आणि कुकरची शिट्टी होण्याआधी अंदाजाने माइक बंद करत. ‘रोज किती चालता?’ असे त्यांना कोणी विचारले, तेव्हा ‘ओट्यापासून लॅपटॉपपर्यंतचे मोजायचे का?’ असे त्यांनी विचारले होते.

केंद्र सरकारचा ‘मनोदर्पण’ हा फोनवरून मानसिक आधार आणि समुपदेशन देणारा उपक्रम जुलै २०२० मध्ये सुरू झाला आणि तो विद्यार्थ्यांइतकाच शिक्षकांसाठीही होता. त्याविषयी ‘माहीत होते का’ आणि ‘फोन केला का’ हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवा, कारण लहान गावात माहीत असूनही फोन न करण्याची कारणे पुष्कळ असतात.

शेवटची सूचना तासिका तत्त्वावरील शिक्षकांविषयी. ज्याचे मानधन घेतलेल्या तासांवर ठरते आणि पुढच्या वर्षी पुन्हा घेतले जाईल याची ज्याला शाश्वती नाही, त्याने रात्री आठला फोन बंद करावा असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? आमच्या चौघांत असा एकही जण नव्हता, हे मला फार उशिरा ध्यानात आले. आपण नियुक्तीचा प्रकार अखेरच्या पानावर, ‘ऐच्छिक’ म्हणून विचारला आहे. तो पहिल्या पानावर आणावा आणि दोन्ही गटांची उत्तरे एकत्र करून सरासरी काढू नये.