जुन्या डिझेल पिकअपचं कूलंट कमी होतंय, पण खाली थेंबही दिसत नाही. काय तपासावं?

आधी रेडिएटरचं झाकण. रबर कडक झालं की ते दाब धरत नाही. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर लोड घेऊन इंजिन तापलं की कूलंट ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर जातं आणि पार्किंगची जमीन कोरडीच राहते. झाकणावर जो आकडा असेल (बहुधा ०.९ किंवा १.१ बार), त्याचंच नवं घ्या.

तरी कमी होत असेल तर इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या तोंडावर प्रेशर टेस्टर (दाबाचा काटा असलेला हातपंप) लावा, झाकणावरच्या आकड्याएवढाच दाब द्या, १५ मिनिटं थांबा. काटा उतरला तर टॉर्च घेऊन वॉटर पंपाखालचं बारीक भोक, होजचे क्लॅम्प आणि केबिनमधल्या हीटरखालचं मॅट बघा. गरम इंजिनवर बारीक गळतीची वाफ होते, मागे फक्त डाग उरतो.

कुठेच ओल नाही? मग हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील), किंवा ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग). थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा झाला, तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. ब्लॉक टेस्टने (कूलंटमध्ये जळालेला गॅस आहे का, हे दाखवणारी चाचणी) खात्री करा.

ऑईलच्या झाकणाखालचा पांढरा फेस ठाण्याच्या पावसाळ्यात नुसत्या दमटपणानेही येतो; तेवढ्यावर कुणाला हेड उतरवू देऊ नका. डिपस्टिकवरच ऑईल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात कूलंट मिसळलं असेल, तर मात्र गाडी टो करूनच न्या.