ट्रेकिंगचं सामान तपासायला देण्याआधी

पहिलं ठरवून टाक: वस्तू फुकट मिळाली असेल तर तसं परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत लिहायचं. यात सूट कुणालाच नाही, तुझ्या जिवलग मित्रालाही नाही.

एकच वस्तू निदान तिघांच्या हाती दे. तंबूचं वजन लेबलवरून उतरवू नका, काट्यावर टाका. खुंट्या, दोऱ्या, पिशवी सगळं धरून. स्लीपिंग बॅगवर आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तापमानाचे दोन वेगळे आकडे असतात: ‘कम्फर्ट’, म्हणजे जिथवर आरामात झोप लागते, आणि ‘लिमिट’, म्हणजे त्याहून थंड, जिथवर अंग आखडून कसंबसं निभावतं. ‘थंडी वाजली’ म्हणणाऱ्याला विचार, यातल्या कुठल्या आकड्याच्या भरवशावर गेला होतास आणि खाली मॅट कोणती होती?

मी एकदा ‘गळतं’ म्हणून एका रेन जॅकेटला चांगलंच झोडपलं होतं. ते गळत नव्हतंच. वरचा पाणी झटकणारा थर झिजल्याने कापड भिजून जड झालं होतं आणि आत साचला होता माझाच घाम. धुऊन, ड्रायरमध्ये हलक्या उष्णतेवर फिरवल्यावर थेंब पुन्हा घरंगळायला लागले. तेव्हा शेरा मागे घेतला, तोही सगळ्यांसमोर.

बूट पहिल्या दिवशी सगळ्यांनाच आवडतात. तळ झिजल्यावर परत लिहून घे.