रात्री झोपेतून उठवणारा गुडघा

पत्र: मुलगा 14 वर्षांचा आहे. वर्षभरात 9 सेंटिमीटर उंच झाला. दीड महिन्यापूर्वी फुटबॉल खेळताना उजव्या गुडघ्याला मार लागला. तेव्हापासून वाटीच्या वरच्या बाजूला दुखतं, हल्ली रात्री झोपेतून उठतो. गोळी दिली की झोपतो. डॉक्टरांनी एकदा हात लावून पाहिलं आणि ‘वाढीचं दुखणं’ म्हणाले. उंच मुलांना हाडाचा कॅन्सर होतो असं कुठेतरी वाचलं आणि माझी झोप उडाली. याला धोका आहे का? त्याला त्या दिवशी खेळायला पाठवलं नसतं तर? घरात कुणाला हाडाचा कॅन्सर नाही. यांचा एक डोळा लहानपणी गाठ झाली म्हणून काढला होता, पण त्याचा याच्याशी काय संबंध म्हणा. – एक आई

ताई, संबंध असू शकतो. तुमच्या पत्रातली नीट चौकशी करण्यासारखी ओळ तीच आहे. पण आधी गुडघा, कारण वडिलांचा डोळा धडधाकट असता तरी या गुडघ्याचा एक्स-रे काढायलाच हवा होता.

वाढीचं दुखणं साधारण 3 ते 12 वर्षांच्या मुलांचं. ते दोन्ही पायांत, पोटऱ्या-मांड्यांत, संध्याकाळी किंवा रात्री येतं, चोळलं की थांबतं आणि सकाळी पोरगं उड्या मारत सुटतं. खेळणाऱ्या मुलांचं आणखी एक नेहमीचं दुखणं वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी असतं. तिथे टेंगूळ येतं, दाबलं की कळ येते आणि विश्रांतीने उतरतं. तुमच्या मुलाचं दुखणं दीड महिना एकाच पायात, एकाच जागी आहे, झोपमोड करतंय आणि तेही वाटीच्या वर. ऑस्टिओसार्कोमा हा या वयात सगळ्यात जास्त आढळणारा हाडाचा कॅन्सर, आणि तो सर्वाधिक सापडतो मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला. तसा हा आजार दुर्मीळ, 20 वर्षांखालच्या दर दहा लाख मुलांत वर्षाला साधारण पाच जणांना होणारा. म्हणजे असे बहुतेक गुडघे तपासल्यावर दुसरंच काहीतरी निघतं. पण ते तपासल्यावर कळतं, हात लावून नाही.

याच आठवड्यात एक्स-रे काढा, समोरून एक आणि बाजूने एक. नुसता सांधा नको, मांडीच्या हाडाचाही बराच भाग त्यात यायला हवा. खुबाही तपासायला सांगा, कारण या वयात खुब्याचा बिघाड पुष्कळदा गुडघ्यात दुखतो आणि सगळे गुडघाच बघत बसतात. एक्स-रे स्वच्छ आला पण दुखणं तसंच राहिलं, तर दोन आठवड्यांत परत जाऊन एमआरआयचं विचारा. सुरुवातीला एक्स-रेवर काही न दिसण्याची शक्यता असते. गोळीने आराम पडतो यावर विसंबू नका, गाठीचं दुखणंही सुरुवातीला गोळीने दबतं. आणि तेल लावून रगडणं आजपासून बंद.

घरी एवढं करा: शिंप्याच्या टेपने वाटीच्या वरच्या कडेपासून 10 सेंटिमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. दुखरी मांडी जाड निघाली तर सूज आहे, बारीक निघाली तर पाय वाचवून चालल्यामुळे स्नायू उतरलाय. फरक दोन्हीकडून महत्त्वाचा, आकडा डॉक्टरांना सांगा. किती रात्री उठला, लंगडतो का, गुडघा पूर्ण दुमडतो का, तेही लिहून न्या.

आता धोक्याचं. आजाराचा जोर उंची झपाट्याने वाढते त्या वयात असतो, मुलांत तो मुलींपेक्षा थोडा जास्त आढळतो, उंच मुलांतही थोडा जास्त. पण तेवढ्यावरून एकट्या मुलाबद्दल काहीच ठरत नाही, आणि आजार झालेल्या बहुतेक मुलांत कुठलंच खास कारण सापडत नाही. मार लागल्याने हा कॅन्सर होत नाही. मार लागला म्हणून गुडघ्याकडे लक्ष जातं, एवढंच. हाच कॅन्सर झालेल्या कॅनडाच्या टेरी फॉक्स या तरुण खेळाडूचाही असाच समज होता. 1976 मधल्या मोटार अपघाताने आपला गुडघा कमकुवत झाला असं तो मानत होता, डॉक्टर नाही म्हणत होते. बास्केटबॉलचा हंगाम संपेपर्यंत त्याने दुखणं अंगावर काढलं, आणि 1977 मध्ये त्याचा पाय कापावा लागला. तेव्हा खेळायला पाठवल्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

धोका खरोखर वाढतो तो पूर्वी त्या हाडाला रेडिएशन मिळालं असेल तर, काही विशिष्ट केमोथेरपी झाली असेल तर, आणि काही जनुकीय दोषांत. त्यातला एक थेट डोळ्याशी जोडलेला आहे. लहान मुलांच्या डोळ्यातली गाठ बहुधा रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कॅन्सर असते. तिच्या आनुवंशिक प्रकारात आरबी१ जनुकात जो बिघाड असतो, तोच ऑस्टिओसार्कोमाचा धोका वाढवतो. गाठी दोन्ही डोळ्यांत असतील तर आजार आनुवंशिकच धरतात, एकाच डोळ्यात असेल तर साधारण सातातल्या एकाच्या बाबतीत तसा निघतो. वडिलांत दोष असेल तर तो मुलात येण्याची शक्यता निम्मी. मात्र दोष आलेल्या बहुतेक मुलांच्या डोळ्यात पाच वर्षांच्या आतच गाठ दिसते. तुमच्या मुलाचे डोळे चांगले असतील, तर त्याच्यात तो असण्याची शक्यता कमी आहे, शून्य नाही. म्हणून वडिलांचे जुने कागद शोधा, रेडिएशन दिलं होतं का पाहा, आणि जनुकीय सल्लागाराकडे आधी वडिलांचं रक्त तपासा, मुलाचं नंतर. ही तपासणी खुद्द वडिलांसाठीही हवी, त्यांचा धोका आयुष्यभराचा असतो. तिच्यासाठी एक्स-रे मात्र थांबवू नका.

एक्स-रेवर संशय आला तर एकच हट्ट धरा: जवळ सोय आहे म्हणून तिथेच बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं, नको. सुई ज्या वाटेने जाते ती वाट पुढच्या ऑपरेशनमध्ये गाठीसकट काढावी लागते. ती चुकीच्या बाजूने गेली, तर वाचला असता तो पाय जाऊ शकतो. म्हणून आधी एमआरआय, मग जी टीम पुढे ऑपरेशन करणार तिनेच ठरवून बायोप्सी. आज केमोथेरपी आणि ऑपरेशन मिळून बहुतेक मुलांचा पाय राखता येतो, पण त्याची सुरुवात या एका सुईपासून होते.

एक्स-रे होईपर्यंत फुटबॉल बंद. हाड आतून पोखरलेलं असेल तर साध्या पडण्यानेही मोडतं, आणि मोडलं की पुढचं ऑपरेशन अवघड होतं. त्याला ‘डॉक्टर म्हणाले’ असं सांगून टाळू नका, हेच कारण सांगा. चौदाव्या वर्षी खोटं लगेच ओळखता येतं, आणि आई घाबरली आहे हे त्याने एव्हाना ओळखलंही असेल.